विद्ध श्वापदाचे ऋण

राम वनवासाला गेल्यानंतरच्या सहाव्या रात्री मरणोन्मुख दशरथ कौसल्येला आपल्या तारुण्यातील एका पारधीची हकीकत सांगतो. वर्षाकाळातील अंधाऱ्या रात्री तो शरयूच्या काठी दबा धरून बसला होता. पाण्यात घडा बुडत असल्याचा आवाज त्याला हत्तीच्या पाणी पिण्यासारखा वाटला आणि त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. पलीकडून मनुष्याचा आक्रोश ऐकू आला. पुढची कथा, म्हणजे आंधळ्या मातापित्यांचा शोक आणि त्यांचा शाप, श्रावणबाळाच्या नावाने आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु बाण लागणे आणि शाप मिळणे या दोन घटनांच्या मधे वाल्मीकीने आणखी एक प्रसंग घातला आहे आणि लोककथेत तो बहुधा गळून पडतो. रुतलेला बाण उपटून काढ, असे तो घायाळ मुलगा स्वतःच राजाला विनवतो. राजा थबकतो. बाण आत राहिला तर मुलगा तळमळत राहणार, काढला तर त्याचे प्राण तत्काळ जाणार. राजाची ही घालमेल ओळखून मुलगाच त्याला धीर देतो. मी ब्राह्मण नाही, माझा पिता वैश्य आणि माता शूद्र आहे, तेव्हा ब्रह्महत्येची भीती बाळगू नकोस, असे तो सांगतो. मग दशरथ बाण काढतो आणि मुलगा मरतो.

शिकाऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या एका जुन्या पेचाची ही आपल्या वाङ्मयातील अतिशय स्पष्ट मांडणी आहे. नेम चुकतो, जनावर मरत नाही, घायाळ होते. ते जगण्याची आशा नसते आणि त्याच्या यातना डोळ्यांसमोर चालू असतात. अशा वेळी दुसरा घाव घालून त्याला सोडवणे ही दया, की पहिल्या हत्येचीच पूर्तता? आणि दया म्हणायची, तर जखम ज्याने केली त्याच्या हातून घडलेल्या या कृत्याला ते नाव शोभते काय? हा प्रश्न वरवर पाहता शिकारीच्या शौकापुरता वाटतो. आपल्या देशात शिकारीचा शौक कायद्याने संपला असला तरी प्रश्न संपलेला नाही. त्याचा इतिहास तपासला, तर आपण दया या शब्दाने काय काय झाकत आलो आहोत, हे ध्यानात येते.

दशरथाच्या कथेत एक गोष्ट विशेष आहे. ज्याला हत्ती समजून बाण मारला तो मनुष्य निघाला, म्हणूनच त्याला बोलता आले. महाभारताच्या आदिपर्वातील पांडूच्या कथेतही हेच घडते. मृगाच्या रूपात आपल्या मृगीशी रत झालेल्या किंदम ऋषीला पांडू बाणांनी विंधतो आणि खाली कोसळलेला मृग मनुष्यवाणीने बोलू लागतो. पांडू क्षत्रियाच्या मृगयेचे समर्थन करतो, अगस्त्याचा दाखला देतो. मृगाचे उत्तर मार्मिक आहे. तू मृग मारलेस याचा मी दोष देत नाही, पण कोणत्या क्षणी मारलेस याचा तू विचार करायला हवा होतास, असा त्या उत्तराचा भावार्थ. येथे शिकारीचा सरसकट निषेध नाही. शिकारीतही काही अमर्याद क्रौर्य असते आणि त्याचा जाब विचारला जाऊ शकतो, एवढेच सांगितले आहे. तो जाब विचारण्यासाठी मात्र कवीला मृगाच्या तोंडी माणसाची भाषा घालावी लागली.

कालिदासाने रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथाची तीच कथा सांगताना या प्रसंगात एक बदल केला आहे. तेथे राजा शरविद्ध मुलाला तसाच आईबापांकडे घेऊन जातो आणि विलाप करणारे ते दांपत्य बाण मारणाऱ्याच्याच हातून मुलाच्या छातीतील शल्य काढवून घेते. वाल्मीकीच्या कथेत मरणाची संमती घायाळाने स्वतः दिली होती. कालिदासाच्या कथेत ती त्याच्या जिवलगांनी दिली. दोन्ही कवींनी निर्णय राजाच्या एकट्याच्या मनावर सोपवला नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याने घाव घातला त्याने आता काय करावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा नाही. त्याच्याकडे आहे ते केवळ कर्तव्य, असा या दोन्ही रचनांचा निष्कर्ष काढता येतो. खऱ्या रानातील खऱ्या हत्तीला किंवा हरणाला मात्र वाचा नाही. त्याचे आप्त साक्षीला उभे राहत नाहीत. तेथे आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकट्या शिकाऱ्याकडे येतात.

राजाने या भूमिकेतूनच बाजूला व्हावे, हा एक मार्ग होता आणि अशोकाने तो घेतला. आपल्या आठव्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत आणि त्यांत मृगया व तत्सम करमणुकी असत. आपण मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. याच लेखाचा एक भग्न तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारे येथे सापडला. म्हणजे मृगयात्यागाचा हा जाहीरनामा अपरांताच्या बंदरातही कोरला गेला होता. तथापि अशोकाचा पहिला शिलालेखही सोबत वाचावा. राजाच्या पाकशाळेसाठी अजून दोन मोर आणि एक हरीण मारले जात आहे, हरीण तेही नेहमी नाही, आणि पुढे हे तीन प्राणीही मारले जाणार नाहीत, असे तो त्यात नोंदवतो. स्वतःच्या हातून अद्याप होत असलेल्या हिंसेची इतकी काटेकोर मोजदाद जाहीरपणे मांडणारा राज्यकर्ता विरळाच.

अशोकाचा मार्ग पुढील राजवंशांनी स्वीकारला नाही. मृगया हा राजधर्माचा आणि राजविलासाचा भाग राहिला. मुसलमानी राजवटींबरोबर तिला आणखी एका धर्मशास्त्राची चौकट मिळाली. त्या शास्त्रानुसार ईश्वराचे नाव घेऊन सोडलेल्या बाणाने शिकार मेली तर ती भक्ष्य ठरते, परंतु शिकारी पोचेपर्यंत ती जिवंत असेल तर तिला रीतसर जबह करावे लागते. या नियमाचा मुख्य हेतू अन्नाच्या शुद्धतेचा असला, तरी त्याचा एक परिणाम असा होता की विंधलेल्या जनावराकडे शिकाऱ्याला धावत जावे लागे. सुरी धारदार असावी आणि प्राण्याला कमीत कमी यातना व्हाव्यात, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. येथे शेवटचा घाव ही शिकाऱ्याची मेहेरबानी मानलेली नाही. त्याच्यावरचे ते विहित कर्म आहे.

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात शिकारीचा हिशेब दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ शिकारी झाल्या आणि त्यांतील १७,१६७ प्राणी त्याने स्वतःच्या हाताने मारले. पुढे नातू शुजा आजारी पडला, तेव्हा कोणत्याही जिवाला स्वहस्ते इजा न करण्याचे व्रत त्याने घेतले आणि काही वर्षांनी, शहाजादा खुर्रमच्या बंडानंतर, ते मोडले. या प्रचंड आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट सहसा सुटते. हा हिशेब मेलेल्या प्राण्यांचा आहे. बाण किंवा गोळी घेऊन झाडीत शिरलेले आणि तेथे दिवसेंदिवस कुजत मेलेले प्राणी कोणत्याच वहीत नोंदले जात नाहीत. शिकारीचा लिखित इतिहास हा अशा रीतीने नेम लागल्याचा इतिहास आहे. चुकलेल्या नेमाचा इतिहास रानातच विरून गेला.

त्या इतिहासाचा काही अंश लेखणीत आला तो इंग्रजी अमदानीत, आणि तोही भीतीपोटी. एकोणिसाव्या शतकात बंदुका सुधारल्या, त्यांचा पल्ला वाढला, दुरून बार टाकणे सोपे झाले. पल्ल्याबरोबर जनावर जायबंदी होऊन निसटण्याचा संभवही वाढला. साहेबी शिकारीत एक संकेत रूढ झाला, तो हा की घायाळ जनावर रानात सोडून परतायचे नाही. रक्ताचा माग काढत जायचे आणि त्याचा शेवट करूनच माघारी यायचे. हरणाच्या बाबतीत हा संकेत दयेचा होता. वाघ-बिबट्याच्या बाबतीत त्यात गावकऱ्यांच्या जिवाची जबाबदारीही होती.

ती जबाबदारी टाळल्याचे परिणाम जिम कॉर्बेट यांनी सांगितले आहेत. १९०७ साली त्यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारल्याचे ते नोंदवतात. तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. ती जुन्या गोळीची जखम होती. त्यामुळे तिला नैसर्गिक भक्ष्य मारता येईना आणि ती माणसांकडे वळली, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी वाघ नरभक्षक होण्याचे एक प्रमुख कारण म्हणून निष्काळजीपणे मारलेली गोळी आणि घायाळ जनावराचा माग न काढणे याकडे बोट दाखवले आहे. कोणा अज्ञात शिकाऱ्याने एका दिवशी केलेला आळस किंवा दाखवलेला भ्याडपणा शेकडो घरांना भोवला. घायाळ श्वापदाचे ऋण शिकाऱ्याने फेडले नाही, तर ते दुसऱ्याच कोणाकडून वसूल होते, याचा याहून भीषण पुरावा नसेल.

या साहेबी संकेताला दुसरीही बाजू होती आणि इतिहास लिहिताना ती झाकून ठेवता येत नाही. निर्मळ, एका गोळीत होणारी शिकार ही सभ्य गृहस्थाची, आणि फासा, जाळे, खड्डा ही रानटी माणसाची, अशी विभागणी या संकेताने केली. फासात सापडलेले जनावर यातना भोगते हे खरेच. परंतु फासेपारध्यासाठी पारध हे पोट होते आणि साहेबासाठी ती सुट्टी होती, हा भेद नीतीच्या या तराजूत कधी घातला गेला नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली, १८७८ च्या वनकायद्याने जंगलावरील रूढ हक्क आवळले. भुकेपोटी केलेली शिकार चोरी ठरली आणि शौकासाठी केलेल्या शिकारीला परवाना मिळाला. शिवाय घायाळ वाघामागे झाडीत शिरताना साहेबाच्या पुढे माग काढणारा माणूस बहुधा गावातलाच असे. जबाबदारी पार पाडल्याचे श्रेय बंदूकधाऱ्याला मिळाले. त्या जबाबदारीतील धोका मात्र अनेकदा हाकेकऱ्यांनी वाटून घेतला.

फ्रेंच भाषेत अशा अखेरच्या घावाला कृपेचा घाव म्हणतात. मध्ययुगीन युरोपात घायाळ योद्ध्याला संपवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अरुंद पात्याच्या खंजिराचे नावच दया असे होते. हे शब्द फसवे आहेत. घाव घालणाऱ्याला ते दात्याच्या आसनावर बसवतात. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९३६ च्या, ब्रह्मदेशातील हत्तीवरच्या प्रसिद्ध निबंधात या दात्याची केविलवाणी अवस्था दिसते. जमावापुढे हसे होऊ नये म्हणून निवेदक एका शांतपणे चरणाऱ्या हत्तीवर गोळी झाडतो. हत्ती कोसळतो, पण मरत नाही. निवेदक गोळीमागून गोळी झाडत राहतो, मोठ्या बंदुकीच्या गोळ्या संपल्यावर लहान बंदूक घेतो, आणि श्वास थांबत नाही असे पाहून अखेर तेथून निघून जातो. हत्तीला मरायला अर्धा तास लागला, हे त्याला मागाहून कळते. यातील पहिल्या गोळीत भय होते, तर नंतरच्या गोळ्यांत यातना संपवण्याची धडपड होती. पण त्या धडपडीला दया म्हणायला निवेदक स्वतःही धजत नाही.

भारतात या प्रश्नाचे नेमके उलट टोकाचे उत्तरही संस्थारूपाने उभे होते. मुंबईचे पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाले. त्यामागे हिंदू-जैन परंपरेतील अशी धारणा होती की रोगी, जराजर्जर, जायबंदी प्राण्याला आसरा द्यावा, चारापाणी द्यावे आणि त्याचे आयुष्य त्याच्या क्रमाने संपू द्यावे. त्याला मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. ही भूमिका उदात्त आहे. मात्र असह्य यातना चालू असताना हात बांधून उभे राहणे म्हणजे अहिंसा काय, ही शंका तिच्यात अनुत्तरित राहते.

ती शंका महात्मा गांधींनी १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात उघडपणे हाताळली. आश्रमातील एक वासरू असाध्य व्याधीने तळमळत होते. उपचारांची आशा संपल्यावर गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि डॉक्टरकडून विषाची सुई टोचवून त्याला मरण दिले. त्यांनी हे लपवले नाही. आपल्या पत्रांतून त्यावर लिहिले आणि संतापलेल्या वाचकांच्या पत्रांना उत्तरे दिली. त्या वादात त्यांनी काही कसोट्या सांगितल्या. व्याधी असाध्य असावी, संबंधित सर्वांनी आशा सोडलेली असावी, कोणत्याही सेवेने दुःख हलके होण्याजोगे नसावे आणि पीडिताला आपली इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे. याच लेखनात त्यांनी आश्रमाच्या पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचा प्रश्न मुद्दाम वेगळा काढला. माकडे मारावी लागली तर ती हिंसाच होईल, कारण तिथे हेतू आपल्या स्वार्थाचा असेल. वासराच्या मरणात मारणाऱ्याचा स्वार्थ नव्हता, म्हणून ते अहिंसेत बसते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या कसोट्या शिकाऱ्याला लावून पाहिल्या तर निष्कर्ष अवघड निघतो. घायाळ हरणाची जखम असाध्य असेल, सेवेची शक्यता नसेल, मुके हरीण इच्छा सांगू शकत नसेल. येथवर शेवटची गोळी गांधीजींच्या कसोटीला उतरते. परंतु स्वार्थाचा प्रश्न आला की ती अडखळते. पहिली गोळी शिकाऱ्याने स्वतःच्या सुखासाठी किंवा कातड्या-शिंगांसाठी झाडली होती आणि दुसऱ्या गोळीनेही त्याला हवी असलेली वस्तू हाती येते. म्हणून दुसरी गोळी झाडू नये असे नाही. ती झाडलीच पाहिजे. जनावराला तडफडत टाकून जाण्यापेक्षा ती निःसंशय चांगली. मात्र तिला दया हे नाव देता येत नाही. दया ही ऋण नसलेल्याने करायची गोष्ट आहे. शिकाऱ्याच्या बाबतीत ती परतफेड आहे, आणि परतफेड करणाऱ्याने आपल्या औदार्याचा अभिमान बाळगायचा नसतो. त्याची खरी दया, ती असलीच तर, पहिल्या गोळीच्या आधीच दिसायला हवी. अंतर फार आहे, उजेड पुरेसा नाही, आड फांदी आहे, असे पाहून खाली घेतलेल्या बंदुकीत ती असते. दशरथाने त्या रात्री केवळ आवाजावर बाण सोडला नसता, तर शल्य काढण्याचा प्रसंगच आला नसता.

स्वतंत्र भारताच्या कायद्यात या विचाराचे प्रतिबिंब टप्प्याटप्प्याने उमटले. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने, ज्याला जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल अशा प्राण्याचा अंत करण्याची तरतूद केली, पण तिला पशुवैद्य आणि दंडाधिकारी यांची चौकट घातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी शिकारीचे परवाने होते आणि मोठी शिकार एरवी रायफलीनेच करावी असा दंडकही होता. छऱ्यांच्या बंदुकीने जनावरे मरण्याऐवजी जायबंदी होतात, हे अनुभवाने ठाऊक होते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही व्यवस्था काढून टाकली. आता एखादा वन्यप्राणी बरा न होण्याइतका जायबंदी किंवा रोगग्रस्त झाला, तर त्याला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला पकडणे, गुंगी देणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, याची खात्री त्याने आधी करून घ्यावी लागते. वाल्मीकी आणि कालिदास यांनी जो निर्णय बाण मारणाऱ्याच्या एकट्याच्या मनावर सोडला नव्हता, तो कायद्यानेही त्याच्या हातून काढून घेतला. आरोपीला न्यायाधीश होऊ द्यायचे नाही, हे तत्त्व येथे अखेर मान्य झाले.

तरीही श्वापदांचे घायाळ होणे थांबलेले नाही. रस्त्यावर भरधाव गाड्यांखाली, रुळांवर, कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने, रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात आणि कठडा नसलेल्या विहिरीत ती जायबंदी होतात. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या केंद्रात पकडलेले आणि सोडवून आणलेले बिबटे ठेवले जातात. मूळ रानात परतू न शकणाऱ्या श्वापदाचे पिंजऱ्यातील आयुष्य ही त्याच्यावरील कृपा की आपल्या मनाची समजूत, हा पांजरापोळाचा जुना प्रश्न अशा ठिकाणी नव्याने समोर येतो. फरक इतकाच की पूर्वी बाण कोणाचा हे सांगता येत असे. आता रस्ता सगळ्यांचा, वीज सगळ्यांची, पीकही सगळ्यांच्याच ताटात येणारे. शिकारी नाहीसा झाला आणि त्याचे ऋण समाजात वाटले गेले. वाटले गेल्यामुळे ते फेडण्याची निकड कोणालाच जाणवेनाशी झाली आहे.

म्हणून पुन्हा दशरथाकडे वळावे लागते. त्याने बाण काढला, मुलाच्या यातना संपवल्या, घडा घेऊन आंधळ्या आईबापांकडे स्वतः गेला आणि जे घडले ते त्यांना सांगितले. यांतील एकही गोष्ट त्याने टाळली नाही. तरीही आपण त्या मुलावर दया केली, असे तो कोठे म्हणत नाही. आपल्या शेवटच्या रात्री, स्वतःच्या पुत्राच्या वियोगात, तो ती हकीकत सांगतो ती केलेल्या कर्माचे फळ म्हणून. विद्ध जिवाचा अंत करणे कधी कधी अपरिहार्य असते. तो अंत करणाऱ्याने जखम विसरू नये, एवढी अपेक्षा मात्र आदिकवीने आपल्याकडून केली आहे.